बिनपाण्याचं तळं

बाईंना मॅडमनी फसवलं. पैशानं नाही, कागदानं नाही, ओटी भरून फसवलं. हे मी कुणाकडून ऐकून सांगत नाही. ओटी भरली तेव्हा मी समोर उभा होतो, दोन्ही हातांत दोन टब घेऊन.

बाई म्हणजे आमच्या गल्लीत स्वतःच्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, तीन-चार वर्षांची पोरं घेऊन बसणाऱ्या बाई. मॅडम म्हणजे कॅम्पाकडं जाणाऱ्या रस्त्यावर नवी शाळा काढलेल्या मॅडम. आणि मी प्लॅस्टिकच्या सामानाचा दुकानदार. नंदगडच्या बाजारात जमिनीवर पोतं अंथरून मग आणि गाळण्या विकत विकत बेळगावात दुकान टाकलं. गिऱ्हाईक पायरी चढतानाच त्याचं मन कशावर आहे ते मला कळतं. कळलं तेव्हाही होतं, म्हणूनच अजून जळतंय.

बाई माझ्या दुकानाची पायरी चढल्या की पहिलं वाक्य ठरलेलं.

"आप्पा, फुटकं काय हाय?"

तुमचं दुकान असेल तर तुम्हाला समजेल, हे ऐकून डोकं कसं फिरतं ते. समोर नवा कोरा माल रचलेला, आणि ह्यांची नजर कोपऱ्यातल्या पोत्यावर.

"फुटकं विकत न्हाय मी."

"विकत कोण मागतंय? दावा तर खरं."

मग स्वतःच एक बादली पालथी घालून तिच्यावर बसायच्या आणि पोतं उपसायच्या. डबा हरवलेली हिरवी झाकणं, दांडा मोडलेली चहाची गाळणी, उसवलेले घासणीचे पुंजके. प्रत्येक वस्तू हातात घेऊन आधी तिला नावं ठेवायच्या. "ह्ये कोण घेतंय? ह्येची तर कडाच गेलीया." इतकी नावं, इतकी नावं, की शेवटी मीच ओरडायचो, "न्या एकदाचं!" घाऊक व्यापाऱ्यांना घाम फोडलेला माणूस मी. ह्या बाईंपुढं माझा एकही सौदा टिकला नाही.

एकदा चिडून विचारलं, "करता तरी काय एवढ्या झाकणांचं?"

"कमळाची पानं करतो. या की बघाया. पर येताना तांब्याभर पाणी आणा. तळ्यावर रिकाम्या हातानं यायचं न्हाय."

मी गेलो, तांब्या घेऊन गेलो. पायऱ्या चढताना गल्लीतले दोघे बघून हसले.

सोप्यात मधोमध एक काहील ठेवलेली. उसाचा रस आटवायची असते तीच, पण त्यातली लहान. बाईंच्या भावाचं निपाणीकडं गुऱ्हाळ होतं. ते बंद पडल्यावर बाईंनी ती मागून आणली होती आणि दारातून कडेवर उभी करून कशीबशी आत घेतली होती. हेच त्यांचं तळं. रोज सकाळी ते कोरडं असायचं. येणारं प्रत्येक पोर घरून पाणी आणायचं, कुणी तांब्यात, कुणी पेल्यात, एक तर दुधाच्या बाटलीत. कुणाच्या घरी आडाचं पाणी, कुणाचं नळाचं, कुणाचं टँकरचं. पोर काठाशी उभं राहून आपलं पाणी ओतायचं, मगच त्याला हात बुडवायची परवानगी. संध्याकाळी तेच पाणी पोरंच मगानं उपसून परसातल्या केळीला घालायची. सांडलेलं ज्यानं सांडलं त्यानंच फडक्यानं टिपायचं. आईनं टिपलेलं चालायचं नाही.

माझी मोडकी झाकणं पाण्यावर तरंगत होती. घासणीचे पुंजके शेवाळ झाले होते. मोडक्या गाळणीनं एक पोरगी बाभळीच्या बिया पकडत होती आणि मोजत होती. त्या बेडकाची पिल्लं होती म्हणे. दगड बुडतो, वांग्याचा देठ तरंगतो, बटाटा काय करेल ह्यावर दोन पोरांचं भांडण लागलं होतं. बाई मिटवत नव्हत्या. "टाकून बघा की. मला काय इचारता?"

बेडूक अंड्यांच्या ट्रेच्या पुठ्ठ्याचे. त्यावरून मागे रामायण झालं होतं. आमच्या गल्लीतली एक कन्नड बोलणारी शेजारीण पक्की शाकाहारी. पोराच्या हातातला बेडूक बघून ती तावातावानं आली.

"बाई, अंड्याचं घरात आणलं त्यानं!"

"अंड्याचं नव्हं गं आक्का, बेडकाचे डोळे हाईत ते."

"धुतलंय काय?"

"धुऊन, वाळवून, रंगवलंय. तुझ्या पोरापरीस सोच्छ हाय."

तिचा पोरगा कोपऱ्यात नाक पुसत होता, शर्टाला. ती हसली आणि गेली. त्या पोराचा बेडूक 'कप्पे' होता, माझ्या नातीचा 'बेडूक' होता. दोन्ही एकाच झाकणावर बसायचे.

माझी नात सानू म्हणजे पायाला भिंगरी. जेवताना ताटाभोवती फिरायची. तिला बाईंनी बसायला शिकवलं ते कमळानं. कागदाची पाकळ्या-पाकळ्यांची फुलं कापायची, पाकळ्या आत दुमडायच्या आणि अलगद पाण्यावर सोडायची. कागद भिजला की पाकळ्या आपोआप, सावकाश उघडतात. तेवढा वेळ सगळ्यांनी गुडघ्यांवर हात ठेवून बसायचं.

"हात लावायचा न्हाय हां. ते पाणी उघडतंय त्येला."

आणि माझी सानू बसायची. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी सुनेला बोलावून दाखवलं. सून म्हणाली, "मामा, ही आपलीच आहे ना?"

बाई काही देवमाणूस नव्हत्या, गैरसमज नको. जीभ तिखट. कुणी आपल्या पोराचं उगाच कौतुक सांगायला लागलं की तोंडावर म्हणायच्या, "व्हय, पर फडकं पिळाय येतंय काय त्येला?" कुणाचं ऐकून घ्यायच्या नाहीत. एकाच दिवशी त्या कुणाशी वाद घालायच्या नाहीत, हळदीकुंकवाच्या दिवशी.

त्यांचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. मूलबाळ नाही. संक्रांतीला गल्लीत घरोघर हळदीकुंकू असायचं. बाई दारोदार फिरून पोरं गोळा करायच्या. "जावा, नटूनथटून जावा तुमी. पोरं मी बघतो." आया खूश. बाईंना बोलावणं नसायचंच, पण ते कुणाच्या ध्यानातही येऊ नये अशी त्यांनी सोय करून ठेवली होती. बायका ओट्या भरून परत यायच्या तेव्हा बाई परसात पोरांच्या हातून केळीला पाणी घालत असायच्या, पाठ करून.

मॅडम पहिल्यांदा आल्या त्या गाडीतून. कुणातरी पालकानं त्यांना तळ्याबद्दल सांगितलं होतं. मोबाईलवर सगळं चित्रित केलं. "ब्यूटिफुल! हे आमच्या शाळेत हवं." बाईंना पगार सांगितला, चांगला सांगितला.

बाई म्हणाल्या, "माझं तळं हितंच बरं हाय."

मॅडमनी रक्कम वाढवली. बाई आपल्या हातून काठावर सांडलेलं पाणी टिपत राहिल्या. मॅडम गेल्या. मला वाटलं, विषय संपला. मी मॅडमना ओळखलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी बाईंनी सांगितलेले दोन टब पोचवायला गेलो, तर मॅडम सोप्यात उभ्या. हातात ताट. ताटात हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. मधल्या दिवसांत त्यांनी गल्लीत चौकशी केली असणार.

बाई दोन पावलं मागं सरल्या. "मला न्हाय चालत ओ ते."

"आम्ही नाही मानत असलं काही," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "तुम्ही आमच्या शाळेच्या घरच्या. तळ्याच्या मालकीण तुम्हीच. या, पदर पसरा."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग पदर पसरला. माझ्या दुकानात फुटक्या मगावरून तासभर न थकणाऱ्या त्या हातांना पदराची टोकं नीट धरता येईनात. दोन-चार तांदूळ काहिलीत पडले. पोरांना वाटलं माशांचं खाणं.

मॅडमनी नमस्कार केला. आणि ज्या बाईंना रकमा ऐकून मान वर करावीशी वाटली नव्हती, त्यांनीच विचारलं, "कवा न्यायची काहील?"

धंद्यात मी हे आयुष्यभर केलंय. गिऱ्हाईकाचा हात फिरून फिरून कुठल्या वस्तूकडं जातो ते बघायचं, आणि तिथं हात घालायचा. पण मी बादलीसाठी केलं. एवढ्या खोल जागी हात घालायचं माझ्या मनात कधी आलं नाही.

मॅडम गेल्यावर मी म्हणालो, "बाई, बोलून घ्या आधी. तिथं तुमचं काम काय, किती दिवस, काहील कुणाची राहणार."

बाई भडकल्या. "ओटीत कोण बोली करतंय व्हय? तुमाला सगळीकडं बाजारच दिसतोय, आप्पा."

काहील गेली. बाईंच्या मागोमाग गल्लीतली पोरंही त्या शाळेत गेली, माझी सानूही. बाई आहेत म्हणूनच सगळ्यांनी घातली. मॅडमनी तेही हिशेबात धरलेलं असणार. पावसाळाभर बाई तिथल्या टीचरना शिकवत होत्या: पाकळ्या कशा दुमडायच्या, कागद कुठला घ्यायचा, बिया कुठून आणायच्या. संध्याकाळी दुकानावरून जाताना हाक मारायच्या, "आप्पा, पोरी लई हुशार हाईत, पटापट शिकतात!" फुटकं मात्र मागायच्या नाहीत. शाळेत सगळं नवीन आणत होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी बाई तांब्या घेऊन फाटकाशी गेल्या. शिपायानं अडवलं. "मॅडमनी सांगितलंय, आता तुमची गरज नाही. टीचर तयार झाल्यात."

मी बँकेतून येत होतो. बाई रस्त्याच्या कडेला तांब्या धरून उभ्या होत्या. मी स्कूटर थांबवली. फाटकाजवळ नवं लावलेलं रोप होतं, त्याच्या मुळाशी बाईंनी पाणी ओतलं, तांब्या पदराखाली घेतला आणि चालू लागल्या. मागं बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

मग शाळेत पालकांना बोलावून तळ्याचा कार्यक्रम झाला. पोरांच्या तोंडाला बेडकांचे मुखवटे, भिंतीवर तळ्याचं मोठं फ्लेक्स, स्पीकरमधून पाण्याचा आवाज. मधोमध बाईंची काहील, घासूनपुसून चकचकीत. आत निळे काचेचे खडे भरलेले. खड्यांवर कागदाची कमळं गमानं चिकटवलेली, पाकळ्या दुमडलेल्या. शिकवलं होतं तसंच सगळं केलं होतं, फक्त पाणी नव्हतं.

बाकीची पोरं नाचत होती. सानू काहिलीपुढं गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. हलत नव्हती. मी जवळ गेलो.

"आजोबा, मी हात नाही लावला," ती हळूच म्हणाली. "तरी उघडंना."

मी तसाच मॅडमकडं गेलो. आवाज चढला होता, लोक बघत होते, बघू देत.

"पाणी कुठाय?"

"सर, पाणी आम्ही ठेवत नाही. फरशी ओली होते, मुलं घसरतात, पेरेंट्स कंप्लेंट करतात."

"मग तळं कशाला म्हणता?"

"थीम आहे, सर."

"आणि बाई? त्यांची ओटी भरून आणलीत ना तुम्ही?"

मॅडम हसल्या. तेच गोड हसू. "तो आम्ही त्यांचा सन्मान केला होता. तो काही करार नव्हता. आणि पालकांना इंग्लिश हवं असतं. बाई मुलांना बेडूक शिकवणार, नाहीतर कप्पे."

सुनेनं माझा दंड धरून मला बाहेर नेलं.

बाईंचा सोपा त्यानंतर भरला नाही. काहील नाही, पोरं नाहीत. पोरं काढून परत बाईंकडं पाठवू म्हटलं तर आयांचं एकच: फी भरलीय, वर्ष वाया जाईल. थोड्या दिवसांनी बाई निपाणीकडं भावाकडं निघाल्या. जाताना दुकानात आल्या. मी पोतं पुढं ओढलं. म्हटलं, "बघा, कितीतरी फुटकं साठलंय."

त्यांनी पोत्याकडं बघितलंच नाही. पिशवीतून खण काढला. घडी न मोडलेला हिरवा खण.

"शिवला न्हाय मी. जपून ठेवला हुता, शाळेतल्या पयल्या संक्रांतीला नेसायच्या लुगड्यावर घालायचा म्हणून." मग तो काउंटरवर ठेवला. "त्यास्नी परत करा."

"बाई, ओटीतला खण परत करत नाहीत."

"ओटी असती तर केला नसता," बाई म्हणाल्या, आणि पायरी उतरल्या. बादली पालथी घालून बसल्या नाहीत.

तो खण घेऊन मी कितीदा त्या फाटकाशी गेलो. मॅडम मीटिंगमध्ये असतात. शिपाई खण घेत नाही. म्हणून तो माझ्या दुकानात समोरच्या फळीवर आहे. बायका विचारतात, केवढ्याला? मी सांगतो, विकायचा नाही. आणि कुणाचा आहे, तेही सगळं सांगतो.

तुम्ही तुमची पोरं त्या शाळेत घालत असाल तर तुम्हीही विचारा. मी इथं विचारतोय. मॅडम, त्या शुक्रवारी तुम्ही ओटी भरलीत की सौद्याचा इसार दिलात? ओटी भरली असेल, तर ती बाई तुमच्या घरची झाली. निपाणीला गाडी पाठवा, तिला आणा आणि त्या काहिलीत पाणी भरा. इसार दिला असेल, तर बाजाराचा नियम तुम्हालाही लागू आहे: सौदा मोडणाऱ्यानं इसार सोडायचा आणि माल परत करायचा. नियमानं खण आता आमचा, तरी तो परत द्यायला मी तयार आहे. काहील बाहेर काढा. दोन्हीपैकी काय ते सांगा, आणि शिपायाकडून नको, स्वतः पायरी चढून येऊन सांगा.