टजबाईंचं नाक

विनिफ्रेड टज बाईंनी अकराव्या वर्षी मेथडिस्ट पंथाच्या चॅपलमध्ये शपथ घेतली होती, की दारूचा थेंब ओठाला लावणार नाही. त्या दिवशी पेनकोट गावच्या आणखी नऊ मुली रांगेत उभ्या होत्या. त्यांतल्या आठ जणींनी आपापल्या लग्नात ती शपथ मोडली. टजबाई मात्र स्वतःच्या लग्नात लिंबाचं सरबत प्यायल्या, आणि पुढे चाळीस वर्षं दर रविवारी त्यांनी चॅपलची पायपेटी वाजवली.

अशा बाईला नवरा मिळाला क्लेमंट टज. रस्ते दुरुस्तीच्या कामावर होता, स्वभावाने गरीब गाय, आणि नाद एकच: घरी बिअर करायची. धुण्याच्या खोलीत तो सातूचं पाणी उकळायचा, निवलं की खमीर घालायचा, आणि चौथ्या दिवशी फेस बसायला लागला की हॉप नावाच्या वेलीच्या सुकवलेल्या फुलांची मलमलची पुरचुंडी पिंपात सोडायचा. ती तळाशी जावी म्हणून आत उकळलेल्या काचेच्या गोट्या. हॉप आधी उकळला तर कडूपणा बिअरमध्ये उतरतो, पण वास वाफेबरोबर जातो. वास हवा असेल तर फुलं मागाहून, बिअर आंबत असतानाच टाकायची. एवढं हेरफर्डशरच्या त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण नेमकी कधी आणि किती, हे ज्याच्या त्याच्या नाकावर. क्लेमंटचं नाक त्या बाबतीत नामी होतं. टजबाईंचं म्हणणं इतकंच, की तो वास स्वयंपाकघरात यायला नको. वीस वर्षं प्रत्येक पिंपाच्या चौथ्या दिवशी त्यांनी न चुकता खिडकी उघडली आणि नाक मुरडलं.

मग एका फेब्रुवारीत क्लेमंट पन्हळीतली पानं काढताना शिडीवरून मागच्या मागे पडला. डोक्याला टेंगूळ आलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि दोन दिवस पडून राहायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी गडी कामावर हजर. हात शाबूत, पाय शाबूत, फक्त नाक गेलं होतं. पाव जळून कोळसा झाला तरी शेजारी बसून हा वर्तमानपत्र वाचतोय. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. बायकोला तर मुळीच नाही.

टजबाईंच्या ते एका आठवड्यात लक्षात आलं. मांजरासाठी बाजूला काढून ठेवलेला मासा, जो मांजरानेही हुंगून सोडला होता, तो क्लेमंटने लोणी लावून खाल्ला आणि छान झालाय म्हणाला. नवऱ्याची झाकली मूठ आपण होऊन उघडायची नाही, अशी बाईंची रीत होती.

मार्चमध्ये त्याने पिंप भरलं. चौथ्या दिवशी हॉपची एक मूठ टाकली, वाकून वास घेतला. काहीच नाही. आणखी एक मूठ. तरी नाही. अशा पाच मुठी झाल्या आणि धीर सुटून सहावी त्याने पुरचुंडीशिवाय तशीच आत झोकली. पिंपात दबून बसलेला वायू खवळला. दूध उतू जावं तसा फेस वर आला, काठावरून ओसंडला आणि दोरीवर वाळत घातलेल्या चॅपलच्या चहापानाच्या टेबलक्लॉथांना भिडला. टजबाईंनी ते तीनदा उकळून काढले, पण वास काही हटला नाही. त्या रविवारी चॅपलमधले दोन म्हातारे, जे कधी चहाला थांबत नसत, ते दुसरा कप मागायला आले.

पिंपात उरलेली बिअर क्लेमंटने बाटल्यांत भरली आणि मित्रांना दिली. मित्र सभ्य होते. एक जण एवढंच म्हणाला, की क्लेम, हे म्हणजे कुंपण चावल्यासारखं लागतंय. क्लेमंटने पिंप घासलं, उपडं घातलं आणि तीन आठवडे संध्याकाळी भिंतीकडे बघत बसला. चौथ्या आठवड्यात टजबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं.

"तुझं नाक गेलंय," त्या म्हणाल्या.

"तुला कधीपासून माहीत?"

"मासा खाल्लास तेव्हापासून."

"कुठला मासा?"

"ते जाऊ दे. उद्या सातू आण. वास मी घेत जाईन."

क्लेमंट हळूच म्हणाला, "आणि तुझी शपथ?"

"शपथ ओठांची आहे. नाकाचं वचन मी कोणाला दिलेलं नाही."

चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी झाकण सरकवलं, वास घेतला आणि म्हणाल्या, अजून कच्च्या सफरचंदाचा वास आहे, थांब. संध्याकाळी पुन्हा हुंगलं आणि मान डोलावली. एक मूठ गेली. दुसऱ्या दिवशी आणखी अर्धी, आणि तीही दाराजवळच्या पोत्यातली नको, म्हणे त्याला पायमोज्यांचा वास येतोय. क्लेमंटने विचारलं, तुला हे सगळं कळतं कसं? त्यावर बाई म्हणाल्या, वीस वर्षं खिडकी काय उगीच उघडत होते?

ती बिअर प्यायलेल्या मित्रांनी क्लेमंटच्या पाठीवर थापा मारल्या. क्लेमंटने त्या मान खाली घालून सोसल्या.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर एका दुपारी मिस स्कर्म मागच्या दाराने आत आल्या. मिस स्कर्म म्हणजे चॅपलच्या दारूबंदी मंडळाच्या मुख्य. शपथा त्याच घ्यायला लावत. रविवारच्या गाण्यांची यादी द्यायला आल्या, आणि बघतात तर पायपेटीवाल्या बाई बिअरच्या पिंपावर ओणव्या, डोळे मिटलेले, चेहरा तृप्त.

"टजबाई, काय करताय?"

"चष्मा पडलाय आत," टजबाई म्हणाल्या.

चष्मा नाकावरच होता. मिस स्कर्मनी चष्म्याकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, यादी इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या. टजबाईंना त्या रात्री झोप लागली नाही. बिअरचं काही वाटत नव्हतं, पण आपण खोटं बोललो आणि तेही इतकं बावळट, हे डाचत होतं.

सप्टेंबरात एका शनिवारी गावचं प्रदर्शन भरलं. भाज्या, केक, मुरंबे आणि घरगुती बिअर, सगळं एकाच तंबूत. बिअरचं पहिलं बक्षीस क्लेमंटला मिळालं. परीक्षक बाहेरगावचे, लठ्ठ आणि बोलघेवडे. त्यांनी दुसऱ्या नंबरचा ग्लास क्लेमंटच्या हातात दिला आणि म्हणाले, "टजसाहेब, यात कुठे कमी पडलं, जरा तुमच्या नाकाने सांगा लोकांना."

क्लेमंटने ग्लास नाकाशी नेला. त्याचे कान लाल झाले. "चांगली आहे," तो म्हणाला.

"चांगली तर आहेच. पण?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. केकच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या टजबाईंनी नवऱ्याचे कान पाहिले. समोर मुरंब्यांपाशी मिस स्कर्म उभ्या होत्या, त्याही त्यांनी पाहिल्या. मग त्या सरळ चालत गेल्या आणि क्लेमंटच्या हातातून ग्लास काढून घेतला.

"हॉप दोन वर्षांपूर्वीचे आहेत," त्या हुंगून म्हणाल्या. "पोतं उन्हात राहिलंय, म्हणून चीजचा वास मारतोय. आणि फुलं दोन दिवस जास्त आत राहिली, त्यामुळे गवताचा वास आलाय."

दुसऱ्या नंबरचा हॉडनेट पोस्टमन पडेल आवाजात म्हणाला, की पोतं काचेच्या खोलीत टोमॅटोंजवळ होतं खरं. परीक्षकांनी टोपी काढली. "आणि चवीला, बाई?"

"मी पीत नाही. मी मेथडिस्ट आहे."

सगळा तंबू हसला. मिस स्कर्म हसल्या नाहीत.

सोमवारी त्या आल्या तेव्हा टजबाईंनी पायपेटीची किल्ली आधीच टेबलावर काढून ठेवली होती. मिस स्कर्मनी किल्लीकडे बघितलंही नाही. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक बाटली काढली. एल्डरच्या काळ्या फळांचं सरबत, त्यांच्या आईच्या हातच्या पद्धतीचं. तीस वर्षं रोज जेवणानंतर एक पेला घेत होत्या, खोकल्यासाठी. शनिवारपासून मात्र त्यांच्या मनात एक शंका आली होती.

"तुम्ही जरा वास घेऊन सांगता का? हे... सरबतच आहे ना?"

टजबाईंनी बूच काढलं. नाकात असा झणका गेला की डोळ्यांत पाणी आलं. क्लेमंटच्या सगळ्या पिंपांत मिळून नसेल एवढा जोर त्या एका बाटलीत होता. त्यांनी मिस स्कर्मकडे पाहिलं. सत्तरीची बाई, गुलाबी गाल, आयुष्यात कधी खोकलेली कोणी ऐकली नव्हती.

"यात काही बिघडलेलं नाही," टजबाई म्हणाल्या, आणि बूच घट्ट लावलं.

मिस स्कर्मनी मोठा श्वास सोडला, किल्ली उचलून टजबाईंच्या हातात ठेवली आणि रविवारी शेवटचं गाणं जरा जलद घ्या म्हणाल्या.

क्लेमंटचं नाक पुढच्या नऊ वर्षांत परत आलं नाही. गावाला कळलं, गावाने चार दिवस थट्टा केली आणि विसरून गेलं. संध्याकाळी दोघं दारात बसली, की तो विचारायचा, आज काय? मग त्या सांगायच्या, की पलीकडे हॉपच्या वेली जाळतायत, टेकडीवर पाऊस पडून गेलाय, आणि हॉडनेटकडे पुन्हा कोबी.

एकदा त्याने विचारलं, "आणि माझा कसा वास येतो?"

"भिजलेल्या कुत्र्याचा," टजबाई म्हणाल्या, आणि खुर्ची जरा जवळ ओढली.