देवपूरचा कर्नल

धुळ्याहून फोन आला तेव्हा जळगावच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात मी एका टीव्हीच्या पोटात डोकं घालून बसलो होतो. "भाऊजी... हे गेले," वहिनी म्हणाल्या. हे म्हणजे माझा दोस्त हिरामण. महिना होत आला, तरी रविवार उजाडला की माझे पाय धुळ्याच्या बसकडेच वळतात.

धुळ्याच्या देवपुरात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत हिरामणचा कॉम्प्युटर क्लास होता. क्लास कसला, एक जुनाट मशीन आणि त्याला जोडलेले तीन पडदे. समोर चकचकीत रंगीत मशीनवाला क्लास निघाला आणि पोरं तिकडे सरकू लागली. त्यात हिरामणचं मशीन दोन पोरं एकदम बसली की आडवं व्हायचं. हे असंच चाललं तर क्लास बंद, हे त्याला कळत होतं. म्हणून त्याने लिनक्सचा कर्नल, म्हणजे अख्खं मशीन चालवणारा गाभा, स्वतःच्या हाताने पुन्हा बांधायला घेतला. गल्लीत बातमी गेली की हिरामणच्या घरात कर्नल तयार होतोय. शेजारच्या अक्कांनी खिडकीतून विचारलं, "कर्नलसायेब जेवाले येतीन का?"

"येतीन अक्का," हिरामण आतून म्हणाला, "पन पहिले त्यासले उभं तं राहू द्या."

कर्नल बांधताना कंपायलरला, म्हणजे आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, बारीकसारीक सूचना देता येतात. त्यांना फ्लॅग म्हणतात. मी पडलो वेगाचा भक्त. म्हटलं, वांग्याच्या भरतात मिरची घालतोस तसे घाल सढळ हाताने. त्याने एकेक घालून पाहिला, चव घेतल्यासारखा चालवून पाहिला, काही काढले. आणि एक तर मूळच्या मांडणीतच होता, तोच नेमका खोडला. त्या फ्लॅगने मशीन जरा पळायचं, पण काम कुठून कुठे आलं याच्या खुणा पुसल्या जायच्या.

"अरे कंजूष, आयता वेग सोडतोस?"

"वेग जाऊ दे भो. पन मशीन पडनं तर कोठून वनं, हाई समजाले पाहिजे का नई?"

सकाळी सुरू केलेली बांधणी दुपारी संपायची. पडद्यावर ओळी सरकत राहायच्या आणि हा दुधावर लक्ष ठेवावं तसा बसून राहायचा... मग एके दिवशी दोन पोरांचे वडील चौकशीला आले असतानाच मशीन पडलं. पडदाभर आकडे. मी जादूगारासारखे हात पसरून पडदा झाकू लागलो. हिरामणने मला बाजूला सारलं. चेहरा असा खुललेला, जणू पाहुणा आलाय.

"काय सर, मशीन पडलं आन् तुम्ही खूश?" एका वडिलांनी विचारलं.

"पडलं नाही हो, बोललं."

खुणा धरत तो मागे मागे गेला आणि पडदे जोडणाऱ्या कार्डाच्या प्रोग्रामपाशी थांबला. चूक तिथे होती. ती काढून कर्नल पुन्हा बांधला, तो उभा राहिला तो राहिलाच. पोरंही राहिली.

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावलं. क्लास आता त्या चालवणार आहेत. नवी डिस्क आणली होती, ती जुन्या कर्नलला ओळखता येत नव्हती. म्हणजे पुन्हा बांधणी आली. मशीन सुरू केलं. कर्नल कोणी बांधला ते पहिल्याच ओळीत दिसतं. हिरामण, देवपूर. पुढे कितव्यांदा बांधला तो आकडा.

"नवा बांधला की हे नाव जाईल?" वहिनींनी विचारलं.

"माझं येईल," मी म्हणालो. मग माझ्या डोक्यात एक लबाडी आली.

"वहिनी, त्याचा पासवर्ड ठाऊक आहे?"

त्या चक्क लाजल्या. "सावदा. माझं माहेर."

मी हिरामण होऊन मशीनमध्ये शिरलो आणि त्याच्याच नावाने बांधणी लावली. त्याने खोडलेला फ्लॅग खोडलेलाच ठेवला. संध्याकाळी मशीन उभं राहिलं. हिरामण, देवपूर. आकडा एकने पुढे.

अक्का खिडकीशी होत्याच, कर्नल आले का ते पाहायला. "कर्नलसायेब वनात का?"

"वनात, अक्का," वहिनी म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.