साइड बदलायला उठलो, पण गाणं थांबलंच नाही

मित्रांनो, आत्ताच बेलापूरहून श्रीरामपूरला आलो आणि सरळ सायबर कॅफेत बसलोय.

गेल्या आठवड्यात आपण या फोरमवर ज्या लांबलचक प्रोग्रेसिव्ह रॉक गाण्यावर भांडलो, ते मी दुकानातून कॅसेटमध्ये भरून घेतलं होतं. मध्येच साइड संपते, कॅसेट उलटवली की पुढचं सुरू. आमचा बँड शनिवारी गॅदरिंगला तेच वाजवणार आहे, अगदी तिथं थांबून.

आज बेलापूरला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या जेकब अंकलनी त्यांच्या घरी इंग्लंडहून आलेली जुनी एलपी रेकॉर्ड लावली. ती जागा आली आणि मी सवयीनं उठलो.

"कुठं निघाला रे?"

"साइड बदलायला, अंकल."

"बस खाली. निम्मं गाणं राहिलंय अजून."

तिथं थांबणं नव्हतंच; दुकानात भरताना टेप संपली आणि मधला तुकडा माझ्या कॅसेटमध्ये आलाच नव्हता. ऑर्गन हळूहळू खाली उतरत गेला आणि गायकानं घेतलेला श्वास ऐकू आला. अंगावर काटा आला यार. मी उभाच राहिलो.

आता शनिवारच्या आत तो तुकडा बसवायचाय, म्हणून सीडी हवी. जुनी घेऊ की नवी रीमास्टर्ड? तुमच्याकडे असेल ती ऐकून सांगा, त्यात तो श्वास आहे का?