बुढीची इंग्रजी

शाळेत पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं मी ठरवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, पण ठरवलं होतं. माझी बुढी, म्हणजे बायको, त्या शाळेत एकोणीस वर्षं पोरांची खिचडी शिजवायची आणि मागच्या थंडीत ती गेली. सकाळी चहा ठेवला, छातीत कसंतरीच होऊन रायलं म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. अचलपूरच्या दवाखान्यात कागद भरणाऱ्या पोरीने तिला नवऱ्याचं नाव विचारलं. श्वास पुरत नव्हता, तरी तिने तोंडाने नाव घेतलं नाही. बोट उचलून माझ्याकडे दाखवलं. अर्ध्या तासाने ती गेली.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. आता पोरी घेतात, हाकाही मारतात, त्याचं मला काही नाही. पण ही जुनी होती. माझं नाव एका देवाचं आहे. त्या देवाची आरती म्हणताना ती तेवढ्या जागी ओठ मिटून घ्यायची आणि पुढची ओळ धरायची. रेशनच्या दुकानात नाव सांगायची वेळ आली की शेजारणीला पुढे करायची. लग्नात, पाच बायांनी अडवलं तेव्हा, एकदा कसंबसं घेतलं होतं, तेही इतकं हळू की मला ऐकू आलं नाही. त्यानंतर सेहेचाळीस वर्षं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. अचलपूरहून अमरावतीला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं दीड एकर वावर आहे, त्यात झेंडू आणि शेवंती. मुलगा आणि सून अकोल्याला कामाला आहेत, दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून नात लहानपणापासून आमच्यापाशी. ती आता तिसरीत आहे. आजी गेली तेव्हा ती पोट्टी तेरवीपर्यंत रोज रडली आणि तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन शाळेत गेली. त्या दिवसापासून रडणं बंद. एक दिवस सुट्टी नाही. एकदा अंग तापलं होतं, मी म्हटलं झोपून राहा, तर मी पाठ फिरवल्यावर पळाली. मी मुलाला फोनवर म्हटलंही, तुझी पोरगी दगडाची आहे, आजीला विसरली. मुलाने विषय बदलला. मला मात्र राग होता. मी रोज त्या चुलीकडे बघून जेवत होतो आणि ही हसत शाळेत जात होती.

मग दिवाळी झाल्यावर शाळेतल्या मॅडमचा निरोप आला. मॅडम अकोल्याच्या, वयाने माझ्या सुनेएवढ्या. दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या शाळांचे मास्तर त्यांचा इंग्रजीचा तास बघायला येणार होते, त्यासाठी झेंडू पाहिजे होता. नातीला टोपलं उचललं नसतं. म्हणून मी गेलो. खिचडीच्या शेडकडे बघायचं नाही, टोपलं दारात ठेवायचं आणि परत फिरायचं, असा हिशेब होता.

फाटकातून आत गेलो आणि आतून आवाज आला, "आयका रे पोट्टेहो. कल्ला नोका करू."

माझी बुढी बोलली होती.

माणसाला असं झालं तर काय करावं, हे कोणी शिकवत नाही. माझ्या तोंडातून निघालं, "काय वो?" घरात ती बोलली की मी असंच म्हणायचो. मी टोपलं डोक्यावर घेऊन मैदानात उभा आणि मेलेल्या बायकोला उत्तर देतोय. टोपलं खाली ठेवलं की पडलं ते आठवत नाही, फुलं सगळी धुळीत होती एवढं आठवतं. आतून तीच पुन्हा बोलली, "धिस इज सॉल्ट." आणि पंचवीस-तीस पोरं एका आवाजात, तिच्याच हेलात, "धिस इज सॉल्ट."

मी खिडकीशी गेलो. भिंतीवर गावाने घेऊन दिलेला मोठा टीव्ही लावलेला. त्यावर तिचे हात. तोंड नाही, फक्त हात. डाव्या मनगटावर तेल उडून भाजल्याचा डाग. हात मिठाचा डबा उचलत होते, खाली ठेवत होते, मग सराटा उचलत होते. "धिस इज अ बिग स्पून." खिचडी हलवायच्या सराट्याला बिग स्पून. पोरं म्हणाली, बिग स्पून. पुढच्या रांगेत माझी नात बसली होती, मान वर, तोंड उघडं, आणि हसत होती.

मी आत गेलो आणि दोन्ही हात टीव्हीच्या पुढे आडवे धरून उभा राहिलो. मॅडमनी घाईघाईने तो बंद केला.

मी बोलायला आडदांड आहे. पोरांसमोर बोलू नये एवढीही शुद्ध नव्हती. म्हणालो, "तेरवी करून आमी तिले मोकळं केलं. अन् तुमी तिले रोज कामाले लावून रायल्या? मेल्यावर तरी दम घेऊ द्यान तिले. कोणाले इचारून केलं हे?"

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी घेतलं नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

दोन वर्षांपूर्वी शाळेला इंग्रजी शिकवायचा एक कार्यक्रम मिळाला होता. चित्राला बोट लावलं की ते बोलायचं. पण बोलणारी बाई परदेशातली, आणि तिचं बोलणं असं की पोरं टीव्हीकडे बघत गप्प बसायची. चुकलं तर हसतील म्हणून एकही तोंड उघडायचं नाही. मॅडमनी हात टेकले होते. एक दिवस शेडमधून कोणीतरी त्या परदेशी बाईच्या मागून मोठ्याने म्हणायला लागलं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडता निवडता माझी बुढी म्हणत होती, जसं येईल तसं, अर्धं चुकीचं. पोरं खो खो हसली. आणि हसता हसता आजीपेक्षा आपल्याला बरं येतं म्हणून ओरडायला लागली. त्या दिवशी पहिल्यांदा वर्ग इंग्रजी बोलला.

मॅडमनी ते हेरलं. त्या रोज खिचडी शिजेपर्यंत बुढीला एक वाक्य घोटून घ्यायच्या, बरोबर येईपर्यंत, आणि मग फोन ओट्यावर उभा करून टिपायच्या. घरी त्याचे तुकडे जोडायच्या. प्रश्न आला की मध्ये जागा सोडायच्या, पोरांनी उत्तर द्यावं म्हणून, आणि त्या जागेनंतर बुढीचं 'व्हेरी गुड' टाकायच्या. असे तीसेक धडे झाले होते. रोज अकरा वाजता एक, ती गेल्यावरही.

"मले कोणी सांगलं काहून नाई?" मी विचारलं.

मॅडमनी खाली बघितलं. म्हणाल्या, "मावशींनीच मला आणि सगळ्या पोरांना शपथ घातली होती, आबाजी. म्हणायच्या, घरी कळू द्यायचं नाही, मालक हसतील."

ते खरं होतं. एकदा जेवताना मी पाण्याचा गिलास पुढे केला तर ती थँक्यू म्हणाली होती. मी म्हटलं होतं, मसणात जायच्या वयात विंग्रजी झाडते का, मेमसाब? आणि वर नातीलाही हसायला लावलं होतं. बुढी ताटं उचलून घेऊन गेली. मी ती गोष्ट त्याच दिवशी विसरलो होतो. तिने मरेपर्यंत लक्षात ठेवली, आणि घरात पुन्हा एक शब्द काढला नाही.

पण मन असं लवकर वळत नाही. उलट जास्तच पेटलं. मी म्हटलं, पुसून टाका, आजच्या आज, माझ्यासमोर. मॅडमनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "तुमचा हक्क आहे. उद्या पाहुण्यांना मी त्या परदेशी बाईचा धडा दाखवते." त्यांनी फोन काढला. एक-दोन ठिकाणी बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. एकदा पुसलं की पुन्हा मिळणार नाही, एवढं मात्र सांगितलं.

तेव्हा माझी नात उठली. रडत नव्हती. जवळ येऊन माझा सदरा धरला आणि म्हणाली, "आबाजी, तुमी घरी आजीच्या फोटोले हार घालता. मी इथं तिले भेटतो. माह्यं काहून पुसता?"

मला कोणी थोबाडीत मारली असती तरी बरं होतं. तापात पळाली ती यासाठी. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दप्तर उचललं ते यासाठी. रोज अकरा वाजता हिला आजी भेटत होती, तिच्याशी बोलत होती, व्हेरी गुड म्हणत होती, आणि मी त्या पोरीला दगड म्हणत होतो. शपथ आजीने घातलेली, म्हणून ही आजीच्या माघारीही पाळत होती. माझ्या घरातल्या दोन्ही बायांनी माझ्यापासून एकच गोष्ट लपवली, आणि दोघींनाही तसं करावं लागलं ते माझ्या जिभेपायी.

मी खुर्चीवर बसलो. म्हणालो, पुसायच्या आधी एक पूर्ण ऐकवा. कोणताही. मॅडम म्हणाल्या, मग शेवटचा ऐका, आपलं कुटुंब नावाचा, तो मावशी जाण्याच्या आठवडाभर आधीचा आहे.

टीव्हीवर पुन्हा ते हात. या वेळी तांदूळ निवडत होते. मागे चुलीवरच्या मोठ्या गंजात पाणी उकळल्याचा आवाज. ती म्हणाली, तिला एक मुलगा आहे. तिला एक नात आहे, नात हुशार आहे. सगळं इंग्रजीत, पण मला समजलं. मग हात थांबले. तांदळात बोटं तशीच राहिली. आणि ती म्हणाली, "माय हजबंड्स नेम इज." आणि माझं नाव घेतलं.

पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. स्वच्छ, मोठ्याने, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. आणि पोरांनी, रोजच्या सवयीने, ते तसंच्या तसं परत म्हटलं.

माझ्या कानात घण घातल्यासारखं झालं. दवाखान्यात मरताना जी बोटाने दाखवते, ती आठवडाभर आधी शेडमध्ये बसून माझं नाव घेऊन गेली होती. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी टीव्ही थांबवला आणि म्हणाल्या, या वाक्याला मावशी चार दिवस तयार नव्हत्या. मग स्वतःच आल्या. मला म्हणाल्या, "मॅडम, विंग्रजीत घेतलं तं चालत असन ना? आपल्या देवाले काय समजते विंग्रजी." आणि तरी घेतल्यावर त्यांनी मीठ ओवाळून चुलीत टाकलं होतं. "मालकाले काई होऊ नये," असं म्हणाल्या होत्या.

मला काही झालं नाही. मी धडधाकट बसलो होतो. गेली ती.

मॅडमनी उरलेला धडा पुढे लावला. मीच लावा म्हटलं होतं की नाही, आठवत नाही. तिचे हात पुन्हा तांदळातून फिरायला लागले. तिने विचारलं, "अँड व्हॉट इज युवर नेम?" आणि मग ती जागा आली, उत्तरासाठी सोडलेली. रोज पोरं तिथे आपापली नावं ओरडत असतील. आज कोणी बोललं नाही. सगळी माझ्याकडे बघत होती. नातही. नुसतं गंजातलं पाणी उकळत होतं. मला वाटलं, ती वाट बघतेय. माझे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

ती म्हणाली, "व्हेरी गुड."

धडा संपला. मॅडमनी फोन माझ्यापुढे धरला. त्यावर ते पुसायचं चिन्ह होतं. हळूच विचारलं, आबाजी, काय करू?

मी म्हणालो, "मांगं घ्या जरासं. माह्यं उत्तर रायलं."