साडेसहा फुटांची शिंगं

न्हाणीघरात वरून पाणी गळत होतं, म्हणून मी भांडायला वरच्या मजल्यावर गेलो. बेल दाबली, दार उघडलं आणि समोर बैल! शिंगं एवढी की एक टोक स्वयंपाकघरात आणि दुसरं बहुधा शेजारच्या इमारतीत. वाटेत घोटून तयार केलेल्या शिव्या मी गिळल्या आणि चक्क बैलाला म्हणालो, "माफ करा, चुकून आलो." तेव्हा चित्रामागून एक म्हातारा डोकावला. नाक निळं, मिशा विटकरी.

"या, या. शिंक येत असेल तर मात्र बाहेर देऊन या."

हे गृहस्थ गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होते. बायको गेल्यावर लांब शिंगांची गुरं रंगवायला लागले, पेस्टलचे खडू बोटांनी कागदावर चोळून. इमारतीत त्यांना सगळे शिंगोजी म्हणत, तोंडावर 'काका'. भुकटी उडू नये म्हणून घरात पंखा बंद, खिडक्या बंद. आलेला माणूस दहा मिनिटांत घामाने निथळून उठे. "बसा की," शिंगोजी म्हणत, "आत्ता कुठे गाय डोळा उघडतेय." पण गायीच्या डोळ्यासाठी स्वतःचे कोण पांढरे करून घेणार? खांद्यावर टॉवेल टाकून बसणारा मी एकटाच.

त्यांच्या मुलीने परदेशात घर घेतलं आणि भिंतीसाठी या बैलाचं चित्र मागितलं. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, वर तो फवारा मारा, म्हणजे रंग पक्का होईल. आणि कुरिअरने पाठवा."

"फवाऱ्याने कातडी मेल्यासारखी दिसते गं. तूच ये ना न्यायला."

"रजा कुठंय, बाबा? पाच फुटांपर्यंत घेतात ते, मी विचारलंय."

चित्र साडेचार फुटांचं होतं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर शिंगोजींनी दोन्ही बाजूंना कागदाच्या पट्ट्या चिकटवून शिंगं वाढवलेली!

"काका, असा बैल जगात नसतो."

"तुम्ही किती बैलांना औषध पाजलंय?"

मी आजवर मांजरालाही पाजलेलं नव्हतं.

मुलीने सहा फुटांचं पार्सल घेणारी दुसरी कंपनी शोधली. शिंगोजींनी आणखी पट्ट्या लावल्या. साडेसहा फूट! बिचारा बैल तराजूची दांडी डोक्यावर घेऊन उभा राहिल्यासारखा दिसू लागला. मग शिंगोजींनी मुलीची खोली रिकामी केली, पलंगावर धुतलेली चादर घातली आणि तिथली सगळी गुरं स्वयंपाकघरात हलवली. तेव्हापासून ते अंग चोरून चहा करत.

"आली तरी एवढं मोठं नेणार कसं?" मी विचारलं.

"ते तिचं ती बघेल. आधी येऊ तर द्या."

त्याच आठवड्यात तिने मला फोन केला. "काका, तुम्ही त्या चित्राचा नुसता एक फोटो पाठवाल का?" एवढंच ना, म्हणून मी उत्साहाने पाठवला. नीट यावा म्हणून दिवाही लावला.

तिने तो दुकानातून मोठा छापून घेतला आणि भिंतीवर लावला. छान दिसतो म्हणाली. ती आली नाही.