प्रास्ताविक, परिचय आणि उरलंच तर नाटक

समईची पाचवी वात काही केल्या पेटेना, आणि मी पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

"अहो, पंखा बंद करा कुणीतरी!" आमचे मुख्याध्यापक जोगळेकर सर ओरडले. शिपायाने घाईघाईत बटण दाबलं ते ट्यूबलाइटचं. हॉलमध्ये अंधार, आणि पंखा आपला गरागरा सुरूच. वेल्सच्या शाळेतून आलेल्या हेलन मॅडम हातात मेणबत्ती धरून हसतमुखाने उभ्या होत्या. हाही विधीचाच भाग असावा, असं त्यांना वाटलं असणार.

शकुन-अपशकुन मी मानत नाही. मला घोर होता वेळेचा. हेलन मॅडमना जेवणाच्या सुट्टीला निघून दुसऱ्या शाळेत जायचं होतं. त्याआधी त्यांना माझ्या मुलांचं नाटक बघायचं होतं. तेवढ्याचसाठी त्या आल्या होत्या.

पुण्यात बिबवेवाडीतल्या एका मराठी शाळेत मी तेव्हा नाट्यशिक्षिका होते. तीसुद्धा हंगामी. म्हणजे काम कायमचं, नेमणूक तेवढी तात्पुरती. गावात आयटीचं वारं सुटलं होतं. पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले होते, "नाटक करून खराडीच्या आयटी पार्कात नोकरी लागते का हो बाई?" टाळ्या पडल्या. जोगळेकर सरांनी तेव्हाच ठरवलं की नाटकाचा तास बंद करून तिथे कॉम्प्युटर घ्यायचा. शाळेत कॉम्प्युटर होता एकच, तोही सरांच्या केबिनमध्ये, क्रोशाचं कव्हर घालून ठेवलेला. पण ते असो.

तूर्त तास वाचला तो या परदेशी भागीदारीमुळे. हेलन मॅडमच्या शाळेने आणि आमच्या शाळेने मिळून कलेतून शिक्षण द्यायचं, अशी ती योजना. त्यांची पद्धत होती 'डिव्हायझिंग'. म्हणजे तयार संहिता नाही, पाठांतर नाही. मुलांनी आजूबाजूला जे बघितलं, त्यातूनच नाटक उभं करायचं. दोन्हीकडचा विषय एकच, पाणी. आमच्या मुलांनी टँकरच्या रांगेवर झकास नाटक बसवलं होतं. ते बघून हेलन मॅडम ठरवणार होत्या, योजना पुढे चालवायची की नाही. नाही म्हणाल्या असत्या, तर नाटकाचा तास गेला आणि त्याच्याबरोबर मीही.

आदल्या दिवशी सरांनी मला कार्यक्रमपत्रिका दाखवली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, संस्थेचा अहवाल, अध्यक्षीय भाषण, आभारप्रदर्शन.

"सर, नाटक कुठंय?"

"आहे की. 'आणि विविध गुणदर्शन'. मागच्या पानावर."

"अहो, पण त्या नाटकासाठीच येतायत ना!"

"बाई, पाहुणा साता समुद्रापलीकडून येणार आणि आपण त्याला नारळही द्यायचा नाही? पुण्याची काही रीत आहे की नाही?"

आता रीतच काढली म्हटल्यावर मी पत्रिका परत दिली आणि तालमीला गेले.

तर शेवटी समई पेटली. मग स्वागतगीत झालं, सगळ्या कडव्यांसकट, ध्रुवपद दरवेळी दोनदा. परिचयात हेलन मॅडमच्या गावाची लोकसंख्या, पर्जन्यमान आणि प्रमुख पिकं सांगून झाली. सत्काराला शाल, श्रीफळ आणि पुणेरी पगडी. पगडी मोठी होती, ती थेट मॅडमच्या नाकावर येऊन टेकली. फोटोग्राफर म्हणाला, "एक मिनिट, असंच!" आणि सगळे नारळ अर्ध्यावर धरून, दात दाखवत, पुतळ्यासारखे उभे राहिले. फ्लॅश उडेना. तरी एकही माणूस हलला नाही.

मग उठले संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब. वय झालेलं, आवाज खणखणीत, दबदबा असा की ते खोकले तरी सर टाळ्या वाजवायचे. "मी आपला फार वेळ घेणार नाही," असं म्हणून त्यांनी नालंदापासून सुरुवात केली. पानिपतापर्यंत आले तेव्हा हेलन मॅडम माझ्याकडे वळून हळूच इंग्रजीत म्हणाल्या, "मुलं कधी सुरू करणार?" मी म्हटलं, "सून, व्हेरी सून." दुसरं काय सांगणार, कपाळ?

भाषणाचं गुऱ्हाळ आटपलं तोवर मॅडमचा ड्रायव्हर दारात येऊन घड्याळाकडे बोट दाखवायला लागला होता. सर माझ्या कानाशी आले.

"बाई, नाटक राहू द्या आता. फोटो पाठवू आपण त्यांना."

"नाटकाचे फोटो? जे झालंच नाही त्याचे?"

"मग पाच मिनिटांत उरका."

नाटक होतं अर्ध्या तासाचं. माझं डोकंच फिरलं. इतके महिने पोरांनी जीव ओतला होता त्यात! रागाने रडू येत होतं, ते गिळून मी विंगेत गेले. मुलं निळ्या ओढण्या गुंडाळून, पाणी होऊन, सकाळपासून ताटकळत उभी होती. एकजण उभ्या उभ्या पेंगत होता. मी खरं ते सांगून टाकलं, पाचच मिनिटं आहेत.

प्रज्ञा म्हणून आठवीतली मुलगी होती. वडील यवतमाळहून इथे कारखान्यात नोकरीला आलेले. पोरगी एरवी शांत, पण डोळा तिखट. ती म्हणाली, "बाई, पाण्याचं राहू द्या. हेच करू का?"

"हेच म्हणजे?"

"हे आत्ता झालं ते. सगळं बघितलंय आम्ही विंगेतून."

मला कळलं ती काय म्हणतेय ते. नोकरी तशीही जाणारच होती. म्हटलं, "करा. फक्त नावं घेऊ नका कुणाची."

पाच मुली ओळीत उभ्या राहिल्या. चौघींनी हात वर करून ज्योती केल्या, पाचवी वाकडी होऊन विझत राहिली. हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सत्कार. डोक्यावर बादली घातलेली पाहुणी, अर्ध्यावर धरलेला नारळ, आणि सगळे स्तब्ध. याला आमच्याकडे 'फ्रीझ' म्हणतात, हललं की बाद. तो जमावा म्हणून मी मुलांवर किती ओरडले होते! आज मोठ्यांचं बघून पोरांना एका झटक्यात जमला. मग निळ्या ओढणीचं उपरणं करून प्रज्ञा पुढे आली. खोकली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. "मी आपला फार वेळ घेणार नाही," ती म्हणाली, आणि नुसतेच ओठ हलवत, हात फिरवत राहिली. तिच्यासमोर बसलेली मुलं एकेक करून झोपी गेली. शेवटी तिनं घड्याळ बघितलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "वेळेअभावी विद्यार्थ्यांचं नाटक रद्द करण्यात येत आहे. चहापानाचा लाभ घ्यावा."

मग हेलन मॅडम पगडी सावरत उभ्या राहिल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मराठीचा एक शब्द कळत नव्हता बाईंना, पण सकाळपासून भोगलं होतं ना सगळं! सरांचा चेहरा मात्र लालबुंद. ते आप्पासाहेबांकडे बघत होते, हसायचं की रागवायचं ते ठरवायला.

आप्पासाहेबांनी प्रज्ञाला बोलावलं. "काय गं, मी असा खोकतो?"

"हो," प्रज्ञा म्हणाली.

"आणि हे सगळे खरंच झोपले होते?"

"पानिपतापर्यंत जागे होते, आजोबा."

आप्पासाहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग सरांना म्हणाले, "जोगळेकर, एवढ्या वर्षांत एका माणसाने मला हे सांगितलं नाही. हा तास बंद करायचा म्हणत होतात ना तुम्ही?"

"छे छे, मी कुठे?" सर म्हणाले.

काही दिवसांनी हेलन मॅडमचा ई-मेल आला, योजना पुढे चालू. डिव्हायझिंग म्हणजे नेमकं काय, ते तुमच्या मुलांनी आम्हाला दाखवलं, असं त्यांनी लिहिलं होतं. तास वाचला, मी वाचले. त्या दिवशी घरी जाऊन मी मनसोक्त रडले, आनंदाने.

वाटेल तुम्हाला, शाळा सुधारली. कसली सुधारतेय! पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत सत्कार आणि अहवालाच्या मध्ये नवीन कलम आलं: 'विद्यार्थ्यांकडून विनोदी नक्कल'. संहिता आधी तपासून घ्यायची, नक्कल कुणाची करायची ते सर ठरवणार. कार्यक्रम आणखी लांबला. टँकरचं नाटक परत मागच्या पानावर.

सरांशी वाद घालत बसले नाही. पत्रिका घरी आणली आणि एकच दुरुस्ती केली. नाटक उचलून सगळ्यात वर नेलं आणि त्यापुढे लिहिलं, 'ईशस्तवन'. सरांनी न वाचता सही केली.

टँकरची रांग अर्धा तास चालली, शेवटपर्यंत. मधेच उठायची कुणाची छाती झाली नाही. आप्पासाहेब तर हात जोडून बसले होते.