हाकलण्याचा फेटा

कानिफनाथ पालवेच्या हातचा फेटा म्हणजे पाथर्डी तालुक्यात नाव होतं. नवरदेव कसाही असो, कानिफनं फेटा बांधला की मांडवात उठून दिसायचा. मायबाप ऊसतोडीला जायचे तेव्हा चुलत्याकडे राहून तो हे शिकला. पोटासाठी मात्र घोडेगावजवळच्या एका खाजगी दूध कंपनीत क्रेट उचलायचा.

तिथं पुण्याहून शुभांगी मॅडम मॅनेजर होऊन आल्या आणि माणसं कमी होऊ लागली. कुणाला काढलं, असं त्या चुकूनही म्हणत नसत. कुणाला 'रिलीव्ह' केलं, कुणाला 'लेट गो' केलं, कुणाचा 'ग्रेसफुल एक्झिट' झाला. हाकलण्याला असली गुळगुळीत नावं ऐकून कानिफला शिसारी यायची. वर प्रत्येकाचा सत्कार. कामावरून काढलं की आपल्याकडे नारळ दिला म्हणतात. या बाई तो खरोखरच द्यायच्या, शालीसकट. फेटा घालून हसताना फोटो निघालेला माणूस उद्या कुठल्या तोंडानं तक्रार करणार? आणि ते फेटे बांधायला कानिफ. त्याला स्वतःच्या हातांचीही किळस येऊ लागली होती.

त्या शुक्रवारी पहिली पाळी भिमाजी गितेची होती. त्याची उभी हयात बॉयलरवर गेलेली. आदल्या दिवशी मॅडम त्याच्याशी आधी इंग्रजीत काहीबाही बोलल्या आणि शेवटी मराठीत म्हणाल्या, "तुमचा सत्कार आहे." गडी हरखला. गावाकडे सत्कार व्हायचा तो नव्या सरपंचाचा, नाहीतर पोरगं फौजदार झालेल्या बापाचा. तो बायकोला घेऊन आला. भागिरथी नवी साडी नेसून, पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली होती.

डोक्याला पहिला वेढा पडला तसा भिमाजी हळूच म्हणाला, "कानिफ, मला सुपरवायझर केलं का काय रं?"

कानिफचे हात थांबले. बोलावं तर आपलीही भाकरी जाणार, न बोलावं तर ती गोड लागणार नाही.

"न्हाई तात्या. तुमाला कामावरनं काढलंय."

"मंग ह्यो फेटा कशापायी?"

"तुमी गप ऱ्हावं म्हनून."

भिमाजीनं एकदा बायकोकडे पाहिलं. "बांध," तो म्हणाला. "अर्धा सोडू नगंस."

कानिफनं बांधला. भिमाजी उठला, सरळ माईकपाशी गेला.

"मंडळी, मला आज हाकललंय. फेटा तेवढा कानिफनं झ्याक बांधलाय. वाजवा टाळ्या."

एकानंही वाजवली नाही. भागिरथी उठली, बॉक्स काखोटीला मारला, नवऱ्याचा हात धरला आणि गेटाकडे चालू लागली. नारळ टेबलावरच राहिला.

मॅडमचा चेहरा उतरला, पण तेवढ्यापुरताच. "ओके, कानिफनाथ, नेक्स्ट," त्या म्हणाल्या. पुढचा माणूस खुर्चीत बसायला आला होता.

"त्याला आधी मराठीत सांगा," कानिफ कापडाची घडी घालत म्हणाला. "हाकलतोय म्हनून सांगा. मंग बांधतो."

आता आपल्यासाठी मॅडम कोणता शब्द काढतात, याची वाट बघत कानिफ तिथंच उभा राहिला.